तीन दिवसांच्या बाळाचा कान कसा तपासतात?

पिंपरी, भोसरी किंवा चाकण येथील एखाद्या कारखान्यात तुमच्या घरातील कोणी प्रेस शॉपमध्ये काम करीत असेल, तर त्यांना विचारून पाहा, ‘तुमचे कान कधी तपासले होते का?’ पत्र्यावर यंत्राचा घाव पडतो तेव्हा होणारा आवाज ९० डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. अशा आवाजात वर्षानुवर्षे काम केले की कान मंदावतात. म्हणून गोंगाटात काम करणाऱ्या कामगारांची श्रवणचाचणी घेतात. कामगाराला बाहेरचा आवाज न येणाऱ्या लहानशा खोलीत बसवतात, कानांवर हेडफोन चढवतात आणि हातात एक बटण देतात. सूर ऐकू आला की बटण दाबायचे. सूर बारीक बारीक करीत नेतात आणि कोणत्या सुराला बटण दाबले जाईनासे होते, ते आलेखावर मांडतात. गोंगाटाने बिघडलेल्या कानाचा आलेख तज्ज्ञाला चटकन ओळखता येतो, कारण ४००० हर्ट्झच्या आसपास त्याला खळगा पडलेला असतो.

ही चाचणी सोपी आहे, पण तिला एक अट आहे. ज्याची चाचणी घ्यायची त्याने उत्तर दिले पाहिजे. आता समजा, याच कामगाराच्या घरी परवा बाळ जन्माला आले आहे. ते बटण दाबणार नाही, मान डोलावणार नाही. बहुतेक वेळ ते झोपलेलेच असणार. तरीही त्याचे कान तपासण्याची निकड वडिलांच्या कानांपेक्षा जास्त आहे. ती का, आणि उत्तर न देणाऱ्याची चाचणी घेतात तरी कशी, ते पाहू.

आपल्या देशात २०१६ साली झालेल्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार नमूद केले आहेत. यांपैकी काही जन्मताच किंवा थोड्याच दिवसांत नजरेस येतात. दुभंगलेला ओठ किंवा आत वळलेले पाऊल सुईणीलाही दिसते. बहिरेपणाचे तसे नाही. बाळाचा कान बाहेरून अगदी नीट, रेखीव असतो. दर १००० बाळांमागे साधारणपणे एक ते तीन बाळांना जन्मतः कायमचा लक्षणीय श्रवणदोष असतो. भारतातील काही पाहण्यांत हे प्रमाण याहून जास्त आढळले आहे. पण कोणत्या घरात ते बाळ आहे, हे पाहून सांगता येत नाही.

आपल्याला वाटते, आईला तरी कळेल. परंतु या बाबतीत आई फसते, आणि त्यात तिचा दोष नाही. कर्णबधिर बाळ रडते, हसते, पहिले काही महिने ‘आं, ऊं’ असे हुंकारही देते, कारण हे हुंकार ऐकून शिकावे लागत नाहीत. दार आपटले की ते दचकते, पण जमिनीचा हादरा आणि वाऱ्याचा झोत त्याच्या अंगाला जाणवलेला असतो. आई खोलीत आली की ते वळून पाहते, कारण तिची सावली भिंतीवर पडलेली असते. घरातील वडीलधारी माणसे ताट-चमचा वाजवून पाहतात. बाळ वळते आणि सगळे निर्धास्त होतात. वास्तविक त्याने चमच्याची हालचाल डोळ्याच्या कोपऱ्यातून टिपलेली असते. शिवाय सगळे श्रवणदोष पूर्ण बहिरेपणाचे नसतात. एखाद्या बाळाला ताटाचा खणखणाट ऐकू येतो, पण ‘स’, ‘श’, ‘फ’ ही बारीक व्यंजने येत नाहीत. मग मूल दीड-दोन वर्षांचे होऊनही बोलत नाही, तेव्हा कोणी तरी म्हणते, ‘याचे वडीलसुद्धा उशिराच बोलले.’ आणखी सहा महिने जातात. नवजात बाळांच्या तपासण्या सुरू होण्यापूर्वी जगभर बहुतेक मुलांचे बहिरेपण दोन-अडीच वर्षांनंतरच लक्षात येई, याचे नवल वाटायला नको.

आता कानाच्या आत डोकावू. आवाजाच्या लाटा कानाच्या पडद्यावर आपटतात, पडदा थरथरतो, आणि ती थरथर हातोडी, ऐरण व रिकीब या तीन चिमुकल्या हाडांमधून अंतर्कर्णात पोचते. तेथे गोगलगाईच्या शंखासारखी सुमारे अडीच वेढे घेतलेली एक नळी असते. ती उलगडली तर जेमतेम साडेतीन सेंटिमीटर भरेल. बाळ जन्मते तेव्हाच हा शंख मोठ्या माणसाच्या शंखाएवढा झालेला असतो. पुढे त्याची वाढ होत नाही. शंखात द्रव असतो, आणि एका लांबट पातळ पडद्यावर सूक्ष्म केस असलेल्या पेशींच्या रांगा असतात. आतल्या रांगेत सुमारे ३५०० पेशी आणि बाहेरच्या तीन रांगांत मिळून सुमारे १२०००. शंखाच्या तोंडाशी असलेल्या पेशी उंच सुरांना दाद देतात, टोकाशी असलेल्या खर्जातल्या सुरांना. हे कसे घडते ते गेओर्ग फॉन बेकेशी या हंगेरीत जन्मलेल्या शास्त्रज्ञाने दाखवले आणि १९६१ चे नोबेल पारितोषिक मिळवले.

बेकेशीचे बरेचसे प्रयोग मृत माणसांच्या कानांवर झाले होते. त्यामुळे कान म्हणजे आलेला आवाज नुसता टिपून घेणारे यंत्र, अशी समजूत दृढ झाली. टॉमस गोल्ड या तरुण शास्त्रज्ञाला ते पटले नाही. त्याने १९४८ मध्येच असे मांडले होते की, शंखातील द्रव लहान थरथर लगेच जिरवून टाकील. तरीही आपल्याला टाचणी पडल्याचा आवाज ऐकू येतो, त्या अर्थी कान आपल्या पदरची शक्ती खर्च करून बारीक आवाज मोठा करीत असला पाहिजे. तसे असेल, तर कधी कधी कानातून आवाज बाहेरही आला पाहिजे! या म्हणण्याकडे ३० वर्षे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पुढे गोल्ड खगोलशास्त्राकडे वळला.

१९७८ मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पने एक लहान ध्वनिक्षेपक आणि एक अतिशय संवेदनक्षम मायक्रोफोन कानाच्या भोकात घट्ट बसवला. ध्वनिक्षेपकातून ‘टक्’ असा आवाज सोडला. तो विरल्यावर काही सहस्रांश सेकंदांनी मायक्रोफोनमध्ये एक अगदी क्षीण आवाज परत आला. हा साधा प्रतिध्वनी तर नव्हे? तुम्हीच हिशेब करा. मोठ्या माणसाच्या कानाचे भोक पडद्यापर्यंत सुमारे अडीच सेंटिमीटर खोल असते. जाऊन-येऊन पाच सेंटिमीटर. हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर. म्हणजे पडद्यावर आपटून परत यायला आवाजाला ०.१५ सहस्रांश सेकंद पुरतात. केम्पला मिळालेला आवाज पाच ते पंधरा सहस्रांश सेकंदांनी येत होता. तो पडद्यावरून परतलेला नव्हता, शंखातून निघून बाहेर आला होता. बहिऱ्या कानांतून तो येत नव्हता.

गोल्डचे खरे ठरले. हा आवाज बाहेरच्या तीन रांगांमधील पेशी करतात. आवाज पोचला की त्या आखडतात आणि लांबतात, आणि आपल्या हालचालीने पडद्याचे कंपन वाढवतात. झोके घेणाऱ्या मुलाला आपण नेमक्या क्षणी हलका धक्का देतो, तसेच हे आहे. या हालचालीचा थोडासा अंश उलट वाटेने तीन हाडांतून कानाच्या पडद्यावर येतो आणि पडदा लाउडस्पीकरसारखा थरथरतो.

नवजात बाळाच्या चाचणीचे कोडे येथे सुटले. बाळाने उत्तर द्यायची गरजच नाही. त्याचा कानच उत्तर देतो. आज ही चाचणी ‘ओएई’ या इंग्रजी आद्याक्षरांनी ओळखली जाते. हातात मावणारे यंत्र असते. त्याच्या टोकाला मऊ रबरी टोपी असते, ती झोपलेल्या बाळाच्या कानात बसवतात. टक् टक् असे हलके आवाज सोडले जातात, यंत्र परतीचा आवाज मोजते आणि दोन्ही कान मिळून थोड्या मिनिटांत पडद्यावर ‘पास’ किंवा ‘रिफर’ असा शब्द उमटतो. सुई नाही, दुखणे नाही. खोली मात्र शांत हवी, कारण ऐकायचा आवाज फारच बारीक असतो. प्रसूतीच्या गजबजलेल्या वॉर्डात ही साधी अट पुरी करणे सर्वांत अवघड जाते.

‘रिफर’ म्हणजे बहिरे नव्हे, हे नीट ध्यानात ठेवा. पहिल्या एक-दोन दिवसांत बाळाच्या कानात गर्भातील चिकट पदार्थ किंवा पाणी असते. त्याने आवाज अडतो. म्हणून चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा घेतात. दुसऱ्यांदाही तसेच झाले, तर ‘बेरा’ नावाची चाचणी करतात. तिच्यात कपाळावर आणि कानामागे विद्युत्‌वाहक चकत्या चिकटवून, आवाज ऐकल्यावर कानाच्या चेतातंतूंतून मेंदूच्या तळाकडे जाणारी विद्युत्‌लहर मोजतात. उलट ‘पास’ झालेल्या बाळालाही क्वचित दोष असतो. शंख चांगला, पण पुढचा चेतातंतू बिघडलेला. जन्मल्यावर अतिदक्षता विभागात ठेवावे लागलेल्या बाळांची बेरा चाचणीच करावी असे सांगतात, ते यासाठी. काही मुलांचे कान जन्मानंतर महिन्यांनी किंवा वर्षांनी मंदावतात. तेव्हा ‘पास’चा कागद मिळाला तरी मुलाकडे लक्ष हवेच.

केशपेशी बिघडतात कशाने? सुमारे निम्म्या मुलांत कारण आनुवंशिक असते, आणि आईवडील दोघेही उत्तम ऐकणारे असू शकतात. गरोदरपणातील जंतुसंसर्ग, फार अपुऱ्या दिवसांचा जन्म, तीव्र कावीळ ही इतर कारणे. रुबेला हा आजार गरोदर स्त्रीला पहिल्या महिन्यांत झाला तर बाळ बहिरे होऊ शकते. महाराष्ट्रातील शाळांत नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेलाची लस टोचली गेली. तुमच्यापैकी पुष्कळांच्या दंडावर ती बसली असेल आणि त्या दिवशी वर्गात रडारडही झाली असेल. तिच्यामागे हेही एक कारण होते.

आणखी एक कारण पिंपरीच्या वाचकांना जवळचे वाटेल. १९५४ मध्ये स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना पेनिसिलिनसाठी प्रसिद्ध आहे. तेथे स्ट्रेप्टोमायसिनचेही उत्पादन होत असे. क्षयावर गुणकारी ठरलेले ते पहिले प्रतिजैविक. पण ते घेणाऱ्या काही रुग्णांना चक्कर येऊ लागली, काहींना ऐकू येईनासे झाले. या कुळातील औषधे अंतर्कर्णातील केशपेशींत शिरून त्यांना मारू शकतात. त्याच कुळातील जेंटामायसिन आणि अमिकॅसिन आजही रक्तात जंतू शिरलेल्या नवजात बाळांचे प्राण वाचवतात. म्हणून ती टाळा असे कोणी शहाणा डॉक्टर म्हणणार नाही. मात्रा जपून ठरवायची आणि नंतर कान तपासायचे, एवढेच. मेलेली केशपेशी माणसात पुन्हा उगवत नाही. कोंबडीच्या कानात ती उगवते, हे १९८०च्या दशकात दिसून आले, आणि तेव्हापासून शास्त्रज्ञ कोंबडीकडे थोड्या असूयेनेच पाहत आले आहेत.

येथे तुम्ही विचाराल, पेशी पुन्हा उगवतच नसतील, तर दोष तिसऱ्या दिवशी कळला काय आणि तिसऱ्या वर्षी कळला काय, फरक काय पडतो? फरक कानात नाही, मेंदूत पडतो.

‘टाप’ आणि ‘ताप’ हे दोन शब्द म्हणून पाहा. आपल्याला ‘ट’ आणि ‘त’ अगदी निराळे वाटतात. इंग्रजी बोलणाऱ्या प्रौढाला बहुधा ते एकच वाटतात. १९८४ मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी कॅनडात इंग्रजी घरांतील बाळांना हिंदीतील हेच दोन वर्ण ऐकवले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक बाळांना त्यांतील फरक कळत होता. दहा ते बारा महिन्यांच्या बाळांपैकी फारच थोड्यांना कळला. म्हणजे पहिला शब्द बोलण्यापूर्वीच मेंदू घरच्या भाषेचे आवाज पारखून ठेवतो आणि न लागणारे सोडून देतो. ज्या बाळाच्या कानावर काहीच पडत नाही, त्याचे हे महिने रिकामे जातात. पुढे ऐकण्यासाठी राखलेला मेंदूचा भाग दृष्टीसारख्या इतर कामांकडे वळू लागतो. जन्मतः बहिऱ्या मुलांचा मेंदू साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळाला तर चांगली दाद देतो, सात वर्षांनंतर बहुधा तशी देत नाही, असे आढळले आहे.

अमेरिकेतील कोलोराडो राज्यात १५० कर्णबधिर मुलांची पाहणी झाली व ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ७२ मुलांचा दोष सहा महिन्यांच्या आत ओळखला गेला होता, ७८ मुलांचा त्यानंतर. लवकर मदत मिळालेल्या मुलांची भाषा स्पष्टपणे पुढे होती. श्रवणदोष सौम्य की तीव्र, यापेक्षा तो केव्हा कळला याला अधिक महत्त्व होते. यावरूनच ‘एक-तीन-सहा’ हा दंडक आला: एका महिन्याच्या आत चाचणी, तीन महिन्यांच्या आत निदान, सहा महिन्यांच्या आत मदत सुरू.

मदत म्हणजे बहुधा प्रथम श्रवणयंत्र. त्याचा कानात बसणारा साचा बाळाच्या कानाच्या मापाने करतात, आणि बाहेरचा कान झपाट्याने वाढत असल्यामुळे तो पहिल्या वर्षात पुन:पुन्हा बदलावा लागतो. सैल साचा शिट्टी मारतो आणि कंटाळून यंत्र डब्यात जाते. मग त्याचा काहीच उपयोग नाही. केशपेशी फारच थोड्या उरल्या असतील, तर कॉक्लिअर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करतात. शंखात बारीक विद्युत्‌तारांचा पुंजका सरकवून चेतातंतूंना थेट विद्युत्‌संदेश देतात. भारतात ही शस्त्रक्रिया रुजवणाऱ्यांत मुंबईचे डॉ. मिलिंद कीर्तने यांचे नाव अग्रभागी आहे. लहान मुलांसाठी तिला सरकारी योजनांतून साहाय्य मिळते. पण ऐकलेल्या आवाजाचा अर्थ लावायला मुलाला पुढे काही वर्षे शिकवावे लागते, आणि हे काम घरीच अधिक होते. भाकरी थापताना ‘ही भाकरी, गरम आहे’ असे मुलाकडे तोंड करून बोलणे हाही उपचारच आहे.

खुणांच्या भाषेबद्दल मात्र आपल्याकडे उगाच भीती आहे. खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही, असे अनेक पालकांना वाटते. भारतीय सांकेतिक भाषा ही व्याकरण असलेली पूर्ण भाषा आहे; तिच्या संशोधनासाठी २०१५ मध्ये दिल्लीत राष्ट्रीय केंद्र स्थापन झाले. कर्णबधिर आईवडिलांच्या घरातील कर्णबधिर बाळे हातांनी बोबडे बोलतात, हे १९९१ मध्ये कॅनडात नोंदले गेले. माझ्या मते मूल कानाने शिकते की हाताने, हा प्रश्न दुय्यम आहे. भाषेवाचून पहिली वर्षे जाऊ नयेत.

आता आपल्या भागाकडे येऊ. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्याच राज्यात, पालघर येथे सुरू झाला. त्यात जन्मतः असलेले दोष, आजार, जीवनसत्त्वांसारख्या घटकांची कमतरता आणि विकासातील विलंब, असे चार गट करून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते. प्रसूती झाली तेथे किंवा आशा सेविकेच्या घरभेटीत नवजात बाळ पाहिले जाते. पुढे वैद्यकीय पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येते. ज्यांच्यात दोष वाटतो त्यांना जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतात. पिंपरी-चिंचवड महापालिकेनेही मोरवाडी येथे दिव्यांग भवन उभारले आहे.

योजना चांगली आहे. तिच्या जाळ्याला भोक पडते ते ‘रिफर’ झालेले बाळ दुसऱ्या तपासणीला येतच नाही तेथे. आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल आहे. चाचणी सोलापूरला किंवा बीडला होते, आणि पुन्हा तपासायची वेळ येते तेव्हा आई बाळाला घेऊन कुरुळीच्या किंवा निघोज्याच्या भाड्याच्या खोलीत परतलेली असते. कागद माहेरच्या ट्रंकेत राहतो. महाळुंगे, खराबवाडी, मेदनकरवाडी या गावांतील खोल्यांत बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली कुटुंबे राहतात. ठेकेदार बदलला की त्यांचे गाव बदलते. अंगणवाडीच्या यादीत मुलाचे नाव चढण्यापूर्वीच ते दुसरीकडे गेलेले असते. जिल्हा रुग्णालय औंधला; चाकणहून तेथे जाऊन यायचे म्हणजे रोजंदारीवरच्या बापाचा एक खाडा. ‘पुढच्या पगारानंतर जाऊ’ असे म्हणता म्हणता सहा महिने उलटतात. एका हुशार उपायाची माहिती येथे द्यावीशी वाटते. कोचीमध्ये २००३ पासून बालरोगतज्ज्ञांच्या पुढाकाराने एकच यंत्र अनेक रुग्णालयांत फिरवून बाळांच्या चाचण्या होऊ लागल्या. आईने यंत्राकडे जाण्याऐवजी यंत्रच आईकडे गेले.

आई-वडील वेगवेगळ्या पाळ्यांना जाणाऱ्या घरांत धाकट्या भावंडाजवळ सर्वांत जास्त वेळ असतो तो शाळकरी ताई-दादा. म्हणून तुम्हाला काही खुणा ठाऊक असाव्यात. तीन महिन्यांचे बाळ ओळखीचा आवाज ऐकून शांत होते किंवा हातपाय हलवायचे थांबते. सहा-सात महिन्यांचे हाकेच्या दिशेने मान वळवते. दहाव्या महिन्यापर्यंत ‘बाबाबा, दादादा’ अशी अक्षरांची माळ सुरू व्हायला हवी. हुंकार होते आणि तेही कमी होत गेले, तर ती महत्त्वाची खूण आहे. वर्ष-सव्वा वर्षाच्या सुमारास पहिले शब्द येतात, दोन वर्षांचे मूल ‘पाणी दे’ अशी दोन शब्दांची जोडी करते. हाक मारून पाहायची तर मागून, हातभर अंतरावरून, हलक्या आवाजात मारा. सावली पडू देऊ नका, जमिनीवर पाय आपटू नका. एकदा वळले नाही तर घाबरू नका, आणि एकदा वळले म्हणून निश्चिंतही होऊ नका. निरनिराळ्या दिवशी पाहा व वहीत तारखेसह लिहा. ती वही अंगणवाडीच्या बाईंना किंवा आशाताईंना दाखवा. ‘हा जरा दुर्लक्ष करतो’ यापेक्षा अशी नोंद डॉक्टरांना कितीतरी उपयोगी पडते.

घरी बाळाचा रुग्णालयातून मिळालेला कागद असेल तर आजच काढून पाहा. ‘ओएई’ समोर काही लिहिले आहे का? ‘रिफर’ असेल तर पुढची तारीख उलटून गेली का ते पाहा. काहीच लिहिलेले नसेल, तरी बाळ सहा महिन्यांचे असो की दीड वर्षाचे, चाचणी अजूनही करता येते. ते गाढ झोपलेले असले, म्हणजे झाले.